पहिल्या वर्षाच्या सहाव्या आठवड्यात गळणारी मुलं

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सतरा वर्षं पहिल्या वर्षाला गणित शिकवते आहे. आज जरा लांबलचक लिहिणार आहे. सत्र सुरू होऊन महिना झालाय, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जे घडतं ते दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर घडतं.

शिक्षण सोडणारा मुलगा कधी "मॅडम, मी सोडतोय" असं सांगायला येत नाही. आधी त्याचं ट्यूटोरियल बुडतं. मग सकाळचं पहिलं लेक्चर. मग तो येतो, पण शेवटच्या बाकावर बसतो आणि वही उघडत नाही. पहिल्या टेस्टला गैरहजर. त्यानंतर एकदम सबमिशनच्या आठवड्यात दिसतो, कुणाच्या तरी असाइनमेंट उतरवून आणलेल्या. निकालात चार विषय राहतात, वर्ष जातं, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नसतं. कागदोपत्री तो वर्षाअखेरीला गळाला. खरं म्हणजे तो सहाव्या आठवड्यातच गेलेला असतो.

यातली बरीच मुलं शेवटच्या कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, आलेली असतात. फेऱ्या लांबतात आणि वर्ग तर आधीच सुरू झालेले असतात. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या ए.आय.सी.टी.ई.ने २०१७ पासून पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिलाय. नवीन मुलांची एकमेकांशी, शिक्षकांशी ओळख व्हावी हाच त्याचा हेतू. पण उशिरा आलेल्याचा नेमका तोच हुकतो. त्याचा रोल नंबर शेवटचा, प्रॅक्टिकलची बॅच उरलेल्यांची, आणि बाकावर शेजारी कोण बसतं ते त्यालाही ठाऊक नसतं.

तीन वर्षांपूर्वी निलंग्याकडचा एक मुलगा असाच आला. बारावीचे गुण चांगले, सीईटीचा पर्सेंटाइलही बरा. तोवर आमचं पार्शल डिफरन्सिएशन निम्मं शिकवून झालं होतं. टेस्टला त्याला वीसपैकी शून्य. पेपर बघून काही उलगडेना, म्हणून वही घेऊन बोलावलं. वहीत पानंच्या पानं नीट उतरवलेली, अक्षर मोत्यासारखं. पण फळ्यावरचा पार्शलचा तो वळणदार डी त्याने सगळीकडे इंग्रजी सहा म्हणून उतरवला होता. अंशात सहा, छेदात सहा. आणि टेस्टमध्ये त्याने वरचा सहा खालच्या सहाने कापला होता.

मी कितीतरी वेळ ती वही हातात धरून बसले. हा मुलगा रोज नेमाने येत होता, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर लिहून घेत होता, आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मलाही ते महिनाभर कळलं नाही. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली: हे चिन्ह कोणतं, साध्या डी ऐवजी हे का, एक चल हलवताना दुसरं स्थिर धरायचं म्हणजे काय. उठताना तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं, आपल्यालाच हे जमणारं नाही."

त्या वर्षापासून तासाची शेवटची पाच मिनिटं मी राखून ठेवते. मोबाइलवर छोटा फॉर्म, दोनच प्रश्न. एक लहानसं उदाहरण, आणि दुसरा, "आज कुठे अडलं?" ज्याच्याकडे फोन नाही किंवा नेट संपलंय त्याने चिठ्ठी द्यायची. हजेरी, ट्यूटोरियल आणि हा फॉर्म एकाच शीटमध्ये येतं. सलग दोन ट्यूटोरियल बुडाली किंवा तीन फॉर्म आले नाहीत, की नाव पिवळं होतं. पिवळं झालं की दोन दिवसांत मी किंवा त्याचे जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी, त्याच्याशी प्रत्यक्ष बोलतात. फोन उचलला नाही तर हॉस्टेलवर जातो.

शीट बनवायला एक संध्याकाळ पुरली. ते दोन दिवसांत जाऊन बोलणं मात्र अजूनही ओढाताण करूनच होतं. माझी खात्री झालीय की मूल टिकतं ते त्या बोलण्याने, आणि नेमकं त्यासाठीच कुठल्याही वेळापत्रकात तास नसतो.

तुमच्याकडे काय करतात? शिक्षक, आजी-माजी विद्यार्थी, पालक, सगळ्यांनी लिहा.

वायडी_२००९

मॅडम, धागा वाचताना दोनदा फोन खाली ठेवला. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा मी होतो.

बुलढाण्याहून पुण्याला आलो, मेकॅनिकलला. धनकवडीत तिघांत एक खोली. पहिल्या सत्रात एम-वन (गणिताचा पहिला पेपर), ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स राहिले, दुसऱ्या सत्रात आणखी दोन, आणि वायडी लागली, म्हणजे वर्ष गेलं. घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन खोलीतून निघायचो आणि कात्रजच्या तलावाकडे जाऊन बसायचो. वडील फोनवर विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायचो, "चाललंय."

आमच्याकडे डिफॉल्टर लिस्ट लागायची. ७५ टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची नावं, नोटीस बोर्डावर, सगळ्यांसमोर. माझं नाव तीनदा लागलं. खाली शिक्का होता, सही होती. "या खोलीत येऊन भेट" असं कुठेही नव्हतं. पहिल्यांदा नाव लागलं तेव्हा वर्गात जायची लाज वाटली. मग हजेरी आणखी खाली गेली.

वाचवलं ते खोलीवरच्या एका सीनियरने. तो स्वतः दोन केट्या, म्हणजे राहिलेले विषय, घेऊन बसला होता. एका रविवारी त्याने माझ्या पुढ्यात एम-वनचे जुने पेपर टाकले. "आज एकच सोडव. एकच प्रश्न." मॅट्रिक्सची रँक काढायची होती. संध्याकाळपर्यंत सहा झाले. पहिल्या वर्षाचे सगळे सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसू देत नसत, त्यामुळे दोन वर्षं तलवार डोक्यावर होती. पण सुटले. आज चाकणला टूल डिझाइनमध्ये आहे, आणि रोज कॅडवर तेच ग्राफिक्स करतो ज्यात तेव्हा नापास झालो होतो.

निवृत्त_विभागप्रमुख

मांजराकाठ, फार महत्त्वाचा विषय घेतलात. मी एकतीस वर्षं अभियांत्रिकीत शिकवलं. मेंटॉर योजना आमच्याकडेही होती. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये मेंटॉर आणि विद्यार्थ्यांचं प्रमाण दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येकाला वीस-वीस मुलं वाटून दिलेली असायची. मेंटॉर डायरी छापील, रकाने सुबक. दुर्दैवाने त्या डायऱ्या मार्चमध्ये, समिती यायच्या आठवड्यात, एका बैठकीत भरल्या जायच्या. मीही भरल्या आहेत. एकाच पेनाने वर्षभराच्या भेटी लिहिल्या, आणि त्याची बोच अजून आहे.

दुसरी अडचण रेमेडियल वर्गांची. नापास मुलांची यादी काढायची, संध्याकाळी पाच वाजता जादा तास लावायचा. पहिल्या दिवशी पंधरा, चौथ्या दिवशी दोन. मुलं म्हणायची, "सर, त्या वर्गात बसलं की सगळ्यांना कळतं आपण ढ आहोत." यावर मला शेवटपर्यंत उपाय सापडला नाही.

प्रायोगिक

निवृत्त_विभागप्रमुख सर, तुमच्या रेमेडियलच्या प्रश्नावर एक जुनं पण भक्कम काम आहे. कॅलिफोर्नियात बर्कली इथे यूरी ट्रीझमन या गणितज्ञाने १९७० च्या दशकात कॅल्क्युलसला नापास होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचा माग काढला. प्राध्यापकांचा समज होता की ही मुलं अभ्यास करत नाहीत, घरून पाठिंबा नसतो. ट्रीझमन त्यांच्या खोल्यांपर्यंत गेला. मुलं खूप अभ्यास करत होती, पण एकेकटी. शेजारची चिनी वंशाची मुलं घोळक्याने बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती आणि त्यामुळे कोण कुठे चुकतंय ते त्यांना लगेच कळत होतं. मग त्याने जादा वर्ग सुरू केले, पण रेमेडियल म्हणून नव्हे. नेहमीपेक्षा अवघड गणितं घ्यायची, चार-पाच जणांनी मिळून सोडवायची. निकाल पालटला. वायडी_२००९ यांच्या सीनियरने त्या रविवारी जे केलं ते याच जातीचं.

वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल. मी शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच काम करतो, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

एक प्रश्न देतो. दहा किलोचा ठोकळा खडबडीत जमिनीवर आहे. घर्षण गुणांक ०.४. त्याला २० न्यूटन बलाने आडवा ओढला, ठोकळा हलला नाही. घर्षण बल किती? बारावी झालेल्या कुठल्याही वर्गात विचारा. बहुसंख्य हात ३९.२४ ला वर जातात, कारण गुणांक गुणिले वजन हे सूत्र पाठ आहे. उत्तर २० न्यूटन. ठोकळा हललेला नाही, म्हणजे जेवढं ओढलं तेवढंच घर्षण परत ओढतंय. ३९.२४ ही वरची मर्यादा झाली. आता गंमत अशी की हे शिक्षकाने सांगितलं तर मुलं मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ३९.२४ लिहितात. पण आधी मत नोंदवायला लावलं, मग शेजाऱ्याशी वाद घालायला दोन मिनिटं दिली आणि पुन्हा मत घेतलं, तर वर्गात कोणीतरी म्हणतंच, "अरे, मग ठोकळा मागे का नाही सरकत?" तिथे खरं शिकणं होतं.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राचा तास असा घ्यायला सुरुवात केली. मत नोंदवायला पुढे क्लिकर, म्हणजे बटणांचे छोटे रिमोट, आले, आता मोबाइल आहेत. आपल्याकडे आय.आय.टी. मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात, चारशेहून अधिक मुलांच्या वर्गात, 'आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर' ही पद्धत वापरून निरीक्षणं घेतली गेली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि सरासरी ८३ टक्के मुलं त्या वेळात खरोखर कामात गुंतलेली आढळली. चारशेच्या हॉलमध्ये शिकवलेल्यांना हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

आणि हे नुसतं वर्गातल्या उत्साहापुरतं नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. शंभरामागे बारा मुलं! मांजराकाठ, साठ मुलांच्या एका तुकडीत ती सात-आठ होतात.

पैशाचा प्रश्न निघेल म्हणून हेही सांगतो. कॅनडातल्या एका महाविद्यालयात क्लिकर आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना झाली होती. शिकण्यात फरक पडला नाही. चार रंगांची घोटीव कागदाची कार्डं प्रत्येकाला द्या, काम होतं. मोबाइलचा फायदा एवढाच की उत्तर नावासकट जमा होतं आणि तुमच्या त्या पिवळ्या शीटला खाद्य मिळतं.

स्पष्टवक्ता

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. टिकवायचं कशासाठी? राज्यात अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहतात, संस्थांना फी हवी असते, म्हणून मुलाला धरून ठेवायचं, असं तर होत नाही ना? माझ्या पुतण्याला अभियांत्रिकी नकोच होतं. त्याला इतिहास आवडायचा. तीन वर्षं सगळ्यांनी मिळून "थोडं अजून, थोडं अजून" केलं, आणि शेवटी चौदा केट्या आणि साडेतीन लाखांचं कर्ज. त्याला सहाव्या आठवड्यात कोणी मोकळं केलं असतं तर बरं झालं असतं.

मांजराकाठ

@स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही. दोन दिवसांत जाऊन बोलायचं म्हणजे समजूत काढून परत वर्गात बसवायचं, असं आम्ही मानत नाही. मी पहिल्यांदा विचारते, "तुला इथे यायचं होतं का?" गेल्या वर्षी एका मुलीने स्पष्ट सांगितलं की तिला केमिस्ट्री हवी होती, काकांनी कॉम्प्युटरचा फॉर्म भरला. तिच्या आईवडिलांना बोलावून दोन तास बसलो. ती आता बी.एस्सी. करते आहे. आमच्या हिशोबात ती 'गळती' धरली जाते. माझ्या मते ती विज्ञानात टिकली.

पण एक सांगते. सहाव्या आठवड्यात "मला हे नकोय" म्हणणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांना प्रत्यक्षात "मला हे कळत नाहीये" म्हणायचं असतं. ही दोन वाक्यं वेगळी करायला शिक्षकाने समोर बसावंच लागतं. अमेरिकेत इलेन सीमोर आणि नॅन्सी हेविट यांनी सात विद्यापीठांतल्या मुलांच्या मुलाखती घेऊन १९९७ मध्ये मांडलं होतं की विज्ञान सोडणारी आणि टिकणारी मुलं हुशारीत फारशी वेगळी नसतात. दोघांच्याही तक्रारी त्याच, त्यातही शिकवण्याबद्दलची सर्वांत मोठी. तुमच्या पुतण्याला इतिहास मिळायला हवा होता. माझ्या निलंग्याच्या मुलाला फक्त एक चिन्ह ओळखायचं होतं. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात.

खारेपाटणची_एसटी

मी तळकोकणात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे गळतीचं सर्वांत मोठं कारण गणितही नाही आणि इंग्रजीही नाही. एसटी.

प्रॅक्टिकल दुपारी दोन ते पाच. खेड्यांकडे जाणारी गाडी पावणेपाचला, त्यानंतरची साडेसातला. पावसाळ्यात साडेसातला उतरून पुढे तीन किलोमीटर काळोखातून चालत जायचं. मुली आधी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून निघतात, मग जर्नल अपुरं राहतं, मग सर्टिफिकेट मिळत नाही, मग घरचे म्हणतात, "बी.ए. कर, दुपारी मोकळी होशील." दोन वर्षं आम्ही ह्या मुलींना विज्ञानात रस नाही असं समजत होतो! एका मुलीशी तिच्या आईसमोर, तिच्याच पडवीत बसून बोलले तेव्हा उलगडलं. आम्ही त्या बॅचचं प्रॅक्टिकल सकाळी साडेआठला घेतलं. लॅब असिस्टंट काकांनी कुरकुर न करता किल्ली लवकर आणली, त्यांचे उपकार. त्या बॅचमधल्या सगळ्या मुली तिसऱ्या वर्षापर्यंत आल्या.

तंत्रज्ञान म्हणाल तर फेट. कोलोराडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट. त्यातली बरीच मराठीत आहेत. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन मुली आदल्या दिवशी मोबाइलवर जुळवून येतात. प्रयोगशाळेत आल्यावर खऱ्या वायरी जोडायला हात थरथरत नाही. आणि जिचा तास गाडीमुळे चुकला ती घरी निदान तो परिपथ उभा करून बघते.

डिप्लोमावाला

डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांबद्दल कोणी बोलतच नाही. आम्ही पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला येतो. वर्कशॉपमध्ये, मशीनवर आमचा हात कोणी धरू शकत नाही. पण पहिल्याच सत्रात एम-थ्री समोर येतं, लाप्लास ट्रान्सफॉर्म, आणि वर्गातल्या बाकीच्यांनी एम-वन, एम-टू केलेलं असतं. सर म्हणतात, "हे तुम्ही गेल्या वर्षी केलंच आहे." आम्ही नाही केलेलं. हात वर करून ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

शिवाय आमचेही प्रवेश उशिरा. मला लाप्लासचे पहिले सहा तास मिळालेच नाहीत. प्रोग्रॅमिंगला मात्र आय.आय.टी. मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलनी तारलं. कन्नन मौदगल्य सरांचा तो प्रकल्प. दहा-बारा मिनिटांची फीत, एका बाजूला ऐकायचं, दुसऱ्या बाजूला स्वतः टाइप करायचं. मराठीतून ऐकता येतं. थांबवून चार वेळा ऐकलं तरी कोणी बघत नाही. गणिताला तसं काही हाताशी लागलं नाही, ती केटी दोन वर्षं वागवली.

मॅडम, तुमच्या शीटमध्ये 'डिप्लोमातून आला' असा एक रकाना जरूर ठेवा.

आई_सोलापूर

मी शिक्षिका नाही, गृहिणी आहे. मुलगा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला होता. कॉलेजचं ॲप होतं. रोज दुपारी मेसेज यायचा, "आपला पाल्य आज गैरहजर आहे." खाली फोन नंबर होता, त्यावर केला तर ऑफिसमध्ये लागायचा आणि "वर्गशिक्षकांना विचारा" म्हणायचे. वर्गशिक्षकांचा नंबर द्यायचे नाहीत.

त्या मेसेजमुळे आमच्या घरात रोज संध्याकाळी भांडण व्हायचं. हे चिडून मुलाला फोन करायचे. नंतर मुलाने फोन घेणंच बंद केलं. दिवाळीत आला तेव्हा आठ किलो वजन उतरलेलं. तेव्हा कळलं की त्याला रात्र रात्र झोप येत नव्हती. मेसेज साठ आले होते. साठांपैकी एकाही दिवशी कोणी त्याला "बाळा, जेवलास का, का येत नाहीस" असं विचारलं नव्हतं. आम्हीपण नाही.

आता तो बरा आहे, इथेच जवळ शिकतोय. पण मॅडम, तुम्ही हॉस्टेलवर जाता हे वाचून डोळे भरून आले.

मनोमन

@आई_सोलापूर, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी महाविद्यालयांमध्ये समुपदेशन करते. झोप जाणं, जेवण तुटणं, फोन टाळणं, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की हजेरीचा विषय बाजूला ठेवायचा आणि आधी मुलाकडे बघायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शिक्षकांनी हा नंबर वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावा.

मांजराकाठ, एक विनंती. पिवळी नावं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका. मी असं झालेलं पाहिलंय, आणि त्याचे परिणाम निस्तरायला वर्ष गेलं.

अटलांटाकर

इथे जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण या चर्चेला अगदी जुळतं. शहराच्या मध्यभागातलं मोठं सरकारी विद्यापीठ, बरीच मुलं गरीब घरची, घरातली पहिलीच पदवी घेणारी. २००३ मध्ये सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे जेमतेम ३२ टक्के होते. २०१४ पर्यंत ते ५४ टक्क्यांवर गेले.

२०१२ पासून त्यांची संगणकप्रणाली रोज प्रत्येक विद्यार्थ्याच्या आठशेहून अधिक खुणा तपासते. चुकीचा विषय घेतला, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात गुण घसरले, असं काही दिसलं की सल्लागाराला सूचना जाते. पण मांजराकाठ म्हणतात तेच तिथेही झालं. प्रणाली विकत घेतली त्याच वेळी त्यांनी चाळीसेक सल्लागार नव्याने नेमले. आधी एका सल्लागारामागे सातशेहून जास्त मुलं होती, ती तीनशेवर आणली. सूचना आली की दोन दिवसांच्या आत विद्यार्थ्याशी संपर्क करायचा, असा दंडक. तुमचेही दोनच दिवस आहेत, हे वाचून मला फार आनंद झाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी आपल्याकडे करण्यासारखी आहे. शेवटच्या टप्प्यात असलेली, चांगले गुण असलेली कितीतरी मुलं थोड्याशा थकलेल्या फीसाठी नावातून कमी होत होती. त्यांना न मागता हजार डॉलरच्या आतबाहेरची मदत थेट खात्यात द्यायला सुरुवात केली. मुलं पदवीपर्यंत पोहोचली, आणि त्यांची पुढची फी मिळत राहिल्याने विद्यापीठालाही ते परवडलं.

वायडी_२००९

@अटलांटाकर, फीचं शंभर टक्के खरं. माझ्या खोलीवरच्या त्याच सीनियरची शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली आणि फी थकली म्हणून त्याचं हॉल तिकीट अडवलं होतं. आम्ही नऊ जणांनी मिळून भरली. सहा हजार चारशे रुपये. आज तो एका कंपनीत क्वालिटीचा प्रमुख आहे.

प्रायोगिक

आय.आय.टी.सारख्या ठिकाणीही हेच दिसतं. २०१५ मध्ये रुरकीत पहिल्या वर्षाअखेरीला सत्तरहून अधिक मुलांना कमी गुणांमुळे काढून टाकलं होतं. नंतर निर्णय बदलून त्यांना पुन्हा संधी दिली गेली. ही सगळी जेईई ओलांडून आलेली मुलं. त्यांच्या गणितावर शंका घ्यायला जागाच नाही. पहिल्या सत्राच्या निकालानंतर, म्हणजे सहा महिने आधी, त्यांचे आकडे कार्यालयात होते.

मांजराकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद विभागातल्या बैठकीत वाचून दाखवले. काही गोष्टी लगेच ठरल्या, त्या लिहिते.

@मनोमन, शीट फक्त मी आणि जीएफएम बघतो, पण लेखी नियम नव्हता. आता केला. @डिप्लोमावाला, आमच्या पहिल्या वर्षाच्या शीटमध्ये तुम्ही लोक येतच नाही. दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीच्या सरांना वेगळी शीट करून दिली, त्यात तुमचा रकाना पहिला. लाप्लासचे पहिले तास ते डायरेक्टवाल्यांसाठी पुन्हा घेणार आहेत. @आई_सोलापूर, आमच्याकडेही गैरहजेरीचा मेसेज आपोआप जातो. तो आता जीएफएमचं मुलाशी बोलणं झाल्यावरच जाईल, आणि त्यात त्यांचं नाव आणि नंबर असेल. प्राचार्यांनी मान्यता दिली.

@प्रायोगिक, रंगीत कार्डांचे पुठ्ठे आणले. ठोकळ्याचा प्रश्न मेकॅनिक्सच्या मॅडमनी कालच विचारला. साठ मुलांत ३९.२४ ची लाल कार्डं एकेचाळीस. दोन मिनिटं इतका गलबला झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. दुसऱ्या खेपेला लाल उरली सतरा.

शेवटच्या फेरीत यंदा चौदा जण आलेत. त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी साडेतीनला तास ठेवलाय, खोली २०४. नाव रेमेडियल नाही, 'गणित मंडळ'. वर्गातल्या कोणालाही येता येईल, आणि गणितं ट्यूटोरियलपेक्षा एक पायरी वरची असतील. घेणारा निलंग्याचा तो मुलगा आहे. आता चौथ्या वर्षाला आहे, ऑल क्लिअर. त्याला विचारलं, सुरुवात कुठून करशील? म्हणाला, "मॅडम, वहीचं पहिलं पान नुसतं चिन्हांचं. प्रत्येकाने मोठ्याने वाचायचं."

वायडी_२००९

मॅडम, शनिवारी मला सुट्टी असते. पाऊण तास व्हिडिओ कॉलवर आलो तर चालेल का? मॅट्रिक्सची रँक घेईन. एकच प्रश्न.

मांजराकाठ

चालेल. २०४ मध्ये प्रोजेक्टर आहे, आवाजाला स्पीकर मी आणते. लिंक शुक्रवारी पाठवते.